एकतिसावं पोर

आमच्या शाळेचा पट सध्या तीस आहे. कुठूनतरी एक पोर पाहिजे, ३० सप्टेंबरच्या आत. हे मी घरात तिसऱ्यांदा बोललो तेव्हा बायको म्हणाली, तुम्ही काय आता पोरं गोळा करत फिरणार का गावभर. तर हो, सध्या तेच चाललंय.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी तालुक्याला एका सीएच्या ऑफिसात काम करतो, टॅली, जीएसटी रिटर्न, लोकांचे आयटीआर, दिवसभर हेच. गेल्या वर्षी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा होती, मी पोराच्या आधारची झेरॉक्स द्यायला गेलो होतो आणि अर्ध्या तासाने शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होऊन बाहेर आलो. दुसरं कुणी तयारच नव्हतं. सर म्हणाले, तुम्ही हिशोबातले माणूस, तुम्हीच व्हा, आणि लोकांनी लगेच टाळ्या वाजवल्या कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. समितीत पंचाहत्तर टक्के पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत असं आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात आहे. आमच्या समितीतल्या बायका खरंच बैठकीला येतात आणि खरं सांगायचं तर प्रश्न पण त्याच विचारतात, गडी माणसं रजिस्टरवर सही करून तंबाखू मळत कट्ट्यावर.

पहिल्याच बैठकीत मी माझ्या सवयीनं कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, मागितली. सरांनी काढून दिली, व्यवस्थित लिहिलेली, व्हाउचरं नंबर टाकून टाचणीनं लावलेली. जमेच्या बाजूला एक आकडा होता, संयुक्त शाळा अनुदान २५,०००. मी म्हणलं सर हे कुठल्या महिन्याचं? सर म्हणाले अध्यक्ष, हे वर्षाचं आहे.

(सर मला तेव्हापासून अध्यक्षच म्हणतात. चिडवतात का मान देतात ते अजून कळलेलं नाही.)

तर ते २५,००० कसे येतात ते बघा. समग्र शिक्षा म्हणून केंद्राची योजना आहे, २०१८ ला सर्व शिक्षा अभियान आणि बाकीच्या दोन योजना एकत्र करून केलेली, पैसे केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. त्यात शाळेला वर्षाचं जे अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. पट १ ते ३० असेल तर १०,०००. ३१ ते १०० असेल तर २५,०००. पुढं २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याच्यावर एक लाख. बास. म्हणजे आमच्याकडे ३१ पोरं असली की डोक्यामागे वर्षाला ८०६ रुपये, आणि त्यातलं एक पोर गेलं की ३३३. एक पोर गेल्यानं फळ्याचा खर्च कमी होत नाही, संडास तेवढाच घाण होतो, पण शाळेच्या हातातले पंधरा हजार जातात. शेजारच्या गावात पट शंभरच्या आसपास आहे, त्यांना पण २५,०००च, त्यामुळं तिथले मुख्याध्यापक आम्हाला म्हणतात तुमची चैन आहे.

ह्या २५,००० मध्ये काय काय बसवायचं? खडू, रजिस्टरं, चाचण्यांच्या झेरॉक्सा, लाईट बिल, नेट, पाण्याची मोटर, कुलपं, तुटलेल्या खिडकीची काच, १५ ऑगस्टचा चुना-रंग. शिवाय दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असा नियम आहे, म्हणजे २,५००, महिन्याला दोनशे आठ रुपये पडतात. त्यात फिनेल येतं, झाडू येतो, संडास धुणारं माणूस येत नाही. ते काम कोण करतं हे मी विचारलं होतं एकदा, मॅडम गप्प बसल्या, मग मी पण पुढं विचारलं नाही. जुने शिक्षक सांगतात की पूर्वी शाळा अनुदान वेगळं, देखभाल-दुरुस्तीचं वेगळं आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी ५०० रुपये वेगळे यायचे. त्या पाचशेची आठवण ते अशी काढतात की जणू काय सोन्याची मोहर होती.

बरं हे पैसे कधी येतात. गेल्या वर्षीचे आमचे आले मार्चमध्ये. आले म्हणजे खात्यात पैसे आले असं नाही, हल्ली शाळेचं झिरो बॅलन्स खातं असतं आणि वरून फक्त लिमिट पडतं. एवढ्या रकमेपर्यंत तुम्ही खर्च करू शकता, आणि ३१ मार्चपर्यंत नाही केला तर लिमिट परत. जूनमध्ये शाळा सुरू होते, पोरं चिखल तुडवत येतात, कौलं गळतात, आणि पैसे खर्च करायला परवानगी मिळते परीक्षा जवळ आल्यावर. दहा महिने शाळा चालली कशावर? सरांच्या खिशावर. हार्डवेअरवाल्याच्या उधारीवर. मी पुढच्यांची बॅलन्सशीट बघून त्यांचा धंदा कसा चाललाय ते सांगू शकतो, पण ह्या शाळेचा कॅशफ्लो काढायला बसलो तर जूनपासून फेब्रुवारीपर्यंत सगळं मायनसमध्येच जातं.

२७ मार्चची रात्र माझ्या लक्षात राहील. पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैशाच्या साईटवर, एकानं बिल भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं, मेकर आणि चेकर. मग पेमेंटचा कागद निघतो त्याला पीपीए म्हणतात, त्यावर सरांची आणि माझी सही, तो कागद बँकेत. शाळेत रेंज नाही म्हणून सर लॅपटॉप घेऊन आमच्या गच्चीवर आले होते. सगळ्या जिल्ह्यातल्या शाळा त्याच दोन-तीन दिवसांत साईटवर तुटून पडलेल्या, त्यामुळं पान उघडायला दहा मिनिटं, ओटीपी यायच्या आत टाईम आऊट. रात्री साडेअकराला बायकोनं चहा आणून ठेवला, त्यावर साय आली तरी हार्डवेअरवाला व्हेंडर म्हणून रजिस्टर झाला नव्हता. आणि आमच्या नळवाल्या तात्यांचं तर काय करणार, त्यांनी पावसाळ्यात टाकीचा कॉक बदलला होता, मजुरी ४०० रुपये, त्यांच्याकडे ना बिलबुक ना जीएसटी. रोख देता येत नाही. ते ४०० सरांनी जुलैमध्येच देऊन टाकले होते आणि ते कुठल्याच व्हाउचरवर कधीच येणार नाहीत. मी हिशोबनीस माणूस आहे, मला ह्या ४०० रुपयांचा फार त्रास झाला. सर म्हणाले अध्यक्ष सोडा, अशी माझी किती वर्षांची आहेत.

दुसऱ्या दिवशी बँकेत पीपीए द्यायला मी गेलो, काउंटरवर माझ्यापुढं बारा गुरुजी उभे होते. बारा. सगळ्यांच्या हातात तोच कागद, आणि तिकडं बारा शाळांमध्ये वर्ग कोण घेत होतं तेव्हा, देव जाणे.

आता लाईटचं सांगतो कारण ते मला खरंच हास्यास्पद वाटतं. गावातल्या पुण्याला असणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून शाळेला एक टीव्ही आणि चार पंखे दिले. फोटो काढले, स्टेटस ठेवले, छान झालं. पण पंखा दिला की बिल येतं, आणि शाळेचं बिल काय घरगुती दरानं येत नाही. मागं राज्यभरात कितीतरी शाळांचं कनेक्शन थकबाकीमुळं कापलं होतं हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. तर आमच्याकडे आता अलिखित नियम असा आहे की पंखे एप्रिलमध्ये लावायचे, आणि टीव्ही साहेब व्हिजिटला आले की. वस्तू द्यायला लोक तयार असतात हो, वस्तूवर नाव टाकता येतं. लाईट बिलावर कुणाचं नाव टाकणार.

आणि नावावरून आठवलं, २०२३ मध्ये सरकारनं दत्तक शाळा योजना काढली, त्यात गावाकडच्या शाळेसाठी पाच वर्षांचे ५० लाख किंवा दहा वर्षांचा एक कोटी द्या आणि शाळेला तुमचं नाव जोडा. आमच्या गावात ५० लाखवाला माणूस नाही. असता तर त्यानं आधी रस्ता केला असता स्वतःच्या मळ्यापर्यंत.

पोषण आहाराचं गणित तर रोजचं. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, हा मे २०२५ पासूनचा वाढीव दर. तांदूळ वेगळा येतो, तो धरला नाही ह्यात. तीस पोरांचे झाले २०३ रुपये ४० पैसे. त्यात डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस सगळं, आणि त्यातला डाळ-तेलाचा भाग शाळेच्या हातात येतच नाही, माल पुरवठादाराकडून येतो. तुम्ही परवा भाजीबाजारात गेला असाल तर पुढं मी काही बोलत नाही. आठवड्यातून एकदा अंडं देणं २०२३ च्या शेवटी सुरू झालं होतं, पोरं त्या दिवशी हमखास हजर, मॅडम म्हणायच्या अंड्याच्या दिवशी मला हजेरी घ्यायला मजा येते. मग जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की अंड्याला आणि खिरीच्या साखरेला वेगळा निधी मिळणार नाही, लोकसहभागातून करायचं तर करा. लोकसहभाग म्हणजे पुन्हा आम्हीच. आमच्या समितीतल्या एका ताईंच्या घरी दहा-बारा गावरान कोंबड्या आहेत, त्यांनी दोन-तीनदा टोपलीभर अंडी आणून दिली, पुढं कोंबड्यांवर मर आली आणि योजना बंद. मी हे थट्टेवारी सांगतोय पण राज्य सरकारचा एक कार्यक्रम त्या कोंबड्यांवर चालला होता हे काही खोटं नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना महिन्याला २,५०० मिळतात, तेही वर्षातले दहा महिने. खुरपायला गेल्या तर दहा दिवसांत होतात तेवढे.

गणवेश घ्या. एका पोराला दोन गणवेश, ६०० रुपयांत. २०२४ मध्ये वरून ठरलं की सगळ्या राज्याला एकच गणवेश, कापड वरून येणार, बचत गट शिवणार, आणि दुसऱ्या स्काऊटच्या गणवेशाचं कापड शाळेनं शिवून घ्यायचं, शिलाई १०० रुपये, वर १० किरकोळीचे. शंभर रुपयात पँट-शर्ट शिवणारा टेलर मला दाखवा, मी माझे पण टाकतो त्याच्याकडे. राज्यभर कुठं गणवेश दिवाळीपर्यंत आले नाहीत, कुठं माप चुकलं, मग डिसेंबरात निर्णय फिरवला आणि काम परत समित्यांकडे आलं. ह्या वर्षी आम्हीच घेतले. तीनशे रुपयात एक, कापड पातळ आहे, पण पोराच्या मापाचा आहे आणि ऑगस्टच्या आधी अंगावर होता.

आता कुणी म्हणेल की शिक्षणावर सरकार हजारो कोटी खर्च करतं, ते जातात कुठं. जातात बहुतेक पगाराला. आणि ह्यात मला ओरडण्यासारखं काही वाटत नाही, शाळा म्हणजे शेवटी शिक्षकच, त्यांना पगार द्यायलाच पाहिजे. गुरुजींना सत्तर-ऐंशी हजार कशाला असं कट्ट्यावर बोलणारे असतात, त्यांनी एकदा विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांकडे बघावं. २००१ मध्ये सरकारनं 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळांना परवानगी द्यायचं धोरण आणलं, २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला, २०१६ पासून २० टक्के अनुदान दिलं आणि मग वीस-वीस टक्क्यांचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला आझाद मैदान. माझा एक वर्गमित्र त्यातला आहे, केस पिकले, पगार पूर्ण झाला नाही, सुट्टीच्या दिवशी भावाच्या पिकअपवर जातो. तर पगाराच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पगार सोडून शाळेच्या, मुख्याध्यापकाच्या, समितीच्या हातात स्वतःच्या डोक्यानं खर्च करायला जो पैसा येतो तो इतका चिमूटभर आहे आणि इतक्या उशिरा येतो की आपण सरकारी शाळा सरकार चालवतं असं म्हणायचं ते कुठल्या तोंडानं.

आयटीआर भरताना लोक मला विचारतात हा शेवटी ४ टक्के सेस कसला. हेल्थ अँड एज्युकेशन सेस. २००४ ला २ टक्के होता, फक्त प्राथमिक शिक्षणासाठी, २००७ ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचा १ टक्का वाढवला, २०१८ ला आरोग्य जोडून ४ टक्के केला. सेसची गंमत अशी की तो केंद्राचा, इन्कम टॅक्समधला हिस्सा राज्यांना वाटला जातो तसा सेस वाटला जात नाही. मग तो योजनेतून, ६०-४० होऊन, हप्त्याहप्त्यानं, लिमिट बनून आमच्या गच्चीवर रात्री साडेअकराला येतो. आणि केंद्राशी वाकडं आलं तर तेही नाही, तमिळनाडूनं पीएम श्री ह्या केंद्राच्या दुसऱ्या शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून त्यांचे समग्र शिक्षाचे पैसे अडले आणि त्यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं.

शाळेच्या ऑफिसात सावित्रीबाई आणि जोतीराव दोघांचा फोटो आहे, त्याखाली बसूनच मी ती कीर्द तपासतो. जोतीरावांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, हंटर कमिशनला, निवेदन दिलं होतं त्यात हेच तर मांडलंय, की सरकारचा महसूल येतो राबणाऱ्या रयतेकडून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्यांच्या उच्च शिक्षणाकडं, खालच्या प्राथमिक शाळांच्या वाट्याला काही येत नाही. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चा म्हणून सांगितलं, २०२० च्या धोरणात परत तोच ६ टक्क्यांचा आकडा आला. आमच्याकडं लग्नात मानाचा नारळ असतो तसा हा आकडा झालाय, ह्या लग्नातून त्या लग्नात फिरतो, फोडत कुणी नाही.

बरं, पट का कमी होतो. एक तर गावात पोरंच कमी. दुसरं आमचा भाग नगरच्या पूर्वेकडचा, दसरा झाला की निम्मी वस्ती ऊसतोडीला, पोरं आजीकडं राहिली तर शाळेत नाहीतर फडात. आणि तिसरी ती पिवळी बस. सकाळी पावणेआठला वेशीजवळ थांबते, इंग्लिश मीडियम, टाय, बूट. आता इथं मला माझं पण सांगायला पाहिजे नाहीतर ते खोटं होईल. माझी मोठी मुलगी त्याच बसनं जाते. तिला घातलं तेव्हा मी अध्यक्ष नव्हतो हे एक, आणि दुसरं म्हणजे तेव्हा शाळेत एकच शिक्षक उरले होते आणि ते पण महिन्यातले आठ दिवस माहिती भरण्यात आणि मिटिंगांत. धाकट्याला जिल्हा परिषदेत घातलं, तो पहिलीत वाचायला लागला आणि ताईपेक्षा पाढे त्याचे पक्के आहेत, पण मुलीला परत आणायची माझी हिंमत होत नाही. ती आली असती तर आज एकतीस झाले असते, हे बायकोनं मला ऐकवून झालंय. पण ती सहावीत आहे आणि आमची शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं सुटलो.

पट कमी होण्याची भीती नुसती पंधरा हजाराची पण नाही. वीसच्या खाली गेलं की शाळेच्या नावापुढं फुलीच. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा आहेत असा आकडा आला होता, त्यात शिकणारी १,८५,४६७ पोरं, आणि त्यांच्या समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक, करायचा विचार पुढं आला, पानशेतला आणि तोरणमाळला केल्यात तशा. मग १५ मार्च २०२४ चा संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरवायचा, जीआर, त्यात कमी पटाच्या शाळांचे शिक्षक कमी. पैसे कमी म्हणून शाळा कळकट, कळकट म्हणून पोरं जातात, पोरं गेली म्हणून पैसे कमी, शिक्षक कमी. आमच्या ऑफिसात एखाद्या दुकानदाराचं असं व्हायला लागलं तर साहेब त्याला सांगतात की आधी दुकानाला रंग दे आणि माल भर, गिऱ्हाईक कमी आलं म्हणून लाईट बंद करू नको.

तर आज २४ तारीख आहे. यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीला, ३० सप्टेंबरचा पट धरतात, आणि पोराचं आधार व्हॅलिड पाहिजे नाहीतर ते पोर असून नसल्यासारखं. सरांनी दोन वस्त्या पालथ्या घातल्या. मी खालच्या आळीतल्या एका घरी गेलो, त्यांचा नातू पिवळ्या बसनं जातो, फी थकलीये असं ऐकलं होतं. आजोबांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझी पोरगी कुठं जाते रे?

काल रात्री मेव्हण्याला फोन केला. चाकणला आहे, कंपनीत कंत्राटी होता, ते संपलंय, दिवाळीनंतर गावाकडं यायचं म्हणतोय, त्याची मुलगी तिसरीत. मी म्हणलं दिवाळीनंतर कशाला, आत्ताच ये, ३० तारखेच्या आत दाखला आण, बाकीचं मी बघतो. तो हसला, म्हणाला दाजी एवढी काय घाई, मी म्हणलं आहे थोडी. मग जरा वेळ थांबून त्यानं विचारलं की पोरीला उकाडा सहन होत नाही, शाळेत पंखे आहेत का.

मी म्हणलं आहेत ना, चार आहेत.

बिलाचं आल्यावर सांगेन.